मोतेगी ते कोबे: जुन्या जपानी बाइक्सच्या मागावर

शनिवार, मोतेगी

तोक्योहून सकाळी साडेसहालाच निघालो. शहरातून एकदा बाहेर पडायला उशीर झाला की मग दिवस ट्रॅफिकमध्येच जातो असं मित्राने आधीच बजावलं होतं. तो गेली काही वर्षं सैतामाला नोकरी करतो, आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला, आणि बाइकचं वेड दोघांनाही सारखंच. मी आदल्या संध्याकाळी भाड्याने होंडा सीबी४०० सुपर फोर घेऊन ठेवली होती, लाल-पांढरी, ३९९ सीसी, इनलाइन फोर, म्हणजे एका ओळीत चार सिलिंडर. आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथे चालतं आणि रस्तापण आपल्यासारखाच डाव्या बाजूने, त्यामुळे दहा मिनिटांत हात बसतो. हे मॉडेल १९९२ ला आलं आणि २०२२ ला बंद झालं, तीस वर्षं एकच गाडी हळूहळू सुधारत विकली त्यांनी. सहा हजार आरपीएमच्या पुढे व्हीटेक, म्हणजे इंजिनातले जास्तीचे व्हॉल्व्ह चालू करणारी होंडाची यंत्रणा, उघडतं आणि आवाज एकदम बदलतो. जोबान एक्सप्रेसवेवर एका बोगद्यात ते पहिल्यांदा ऐकलं, मग पुढचा प्रत्येक बोगदा येईपर्यंत मी गिअर एक खाली टाकून तयारच.

मोतेगी म्हणजे तोचिगी प्रांतातल्या डोंगरात होंडाने बांधलेलं रेस सर्किट, आणि त्याच आवारात होंडा कलेक्शन हॉल. १९९८ मध्ये उघडला, २०२४ मध्ये आतून सगळा नव्याने मांडला. आत शिरल्यावर लोक आधी फॉर्म्युला वनच्या गाड्यांकडे वळतात. आम्ही सरळ आरसी१६६ कडे गेलो.

ही १९६६ ची रेसबाइक. २५० सीसी आणि सहा सिलिंडर! एकेक सिलिंडर जेमतेम ४१ सीसीचा, त्यात चार-चार व्हॉल्व्ह, आणि इंजिन अठरा हजारांपर्यंत फिरायचं. माइक हेलवूडने हिच्यावर १९६६ आणि १९६७ अशी दोन्ही वर्षं जगज्जेतेपद घेतलं. मी खाली वाकून मागून बघत होतो, दोन्ही बाजूंना तीन-तीन सायलेन्सर, प्रत्येक माझ्या मनगटाइतकाही जाड नाही, आणि इंजिन इतकं अरुंद की सहा सिलिंडर आत आडवे बसलेत हे पटतच नाही. १९५४ ला कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडांनी आपण आयल ऑफ मॅन टीटीला, ब्रिटनजवळच्या बेटावरच्या त्या प्रसिद्ध बाइक रेसला, उतरणार असं जाहीर केलं तेव्हा कंपनीची पैशाची अवस्था फार वाईट होती. प्रत्यक्ष उतरले १९५९ ला, आणि १९६१ ला १२५ आणि २५० दोन्ही जिंकले. त्यानंतर पाच वर्षांत हे सहा सिलिंडरचं प्रकरण. छोट्या इंजिनात एवढा जीव ओतायचा ही सवय या लोकांना तिथूनच लागली असं माझं ठाम मत आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात ते आणखी पक्कं होत गेलं.

शेजारी १९६९ ची सीबी७५० फोर होती. ७३६ सीसी, पुढे डिस्क ब्रेक, ताशी २०० किमी, आणि जपानात किंमत ३ लाख ८५ हजार येन. जगातल्या बाकी मोठ्या बाइक कंपन्यांची झोप हिने उडवली ते सगळ्यांना माहिती आहे. पण खरं सांगतो, मी तिच्यापाशी पाच मिनिटं थांबलो असेन आणि आरसी१६६ पाशी तासभर.

रविवार, हाकोने

पहाटे अंधारातच निघालो. तोमेई एक्सप्रेसवे, मग ओदावारा, मग टर्नपाइकचा टोल भरून वर चढायचं. चढ सलग आहे आणि वळणं मोठी, मोकळी. वर दाइकानझान नावाचं ठिकाण, साधारण हजार मीटर उंचीवर, तिथे पार्किंग आणि रेस्टॉरंट. खाली आशी तलाव आणि समोर फुजी. रविवारी सकाळी तिथे बाइकवाले जमतात, कुणी बोलावत नाही, कसला क्लब नाही, आपले येतात, कॅनमधली गरम कॉफी पितात, एकमेकांच्या गाड्या बघतात आणि दहाच्या आत निघून जातात.

आणि काय काय उभं होतं तिथे! ज्या गाड्या आम्ही शाळेत असताना रद्दीच्या दुकानातल्या परदेशी मासिकांतून कापून वहीत चिकटवल्या होत्या त्या समोर उभ्या, नंबरप्लेटसकट, टायरला चिखल लागलेल्या. कावासाकी झेडएक्सआर४००, तिच्या पुढच्या फेअरिंगपासून टाकीकडे जाणारे ते दोन काळे पाइप. होंडा व्हीएफआर४००आर, मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं. यामाहाची एक आरझेड३५०, जिला इथे सेव्हन-फिफ्टीवाल्यांची, म्हणजे ७५० सीसीच्या मोठ्या गाड्यांची, कर्दनकाळ म्हणून ओळखायचे. आणि रॉथमन्स या सिगारेट कंपनीच्या निळ्या-पांढऱ्या रंगातली होंडा एनएसआर२५०आर एसपी.

तिचे मालक साठीच्या आसपासचे असतील. मित्राने जपानीतून विचारलं की सुरू कराल तेव्हा आम्ही जवळ उभं राहिलो तर चालेल का. त्यांनी काही न बोलता चोक ओढला, किक दुमडलेली होती ती बाहेर काढली, आणि दोन किकमध्ये गाडी बोलली. निळसर धूर, टू-स्ट्रोक ऑइलचा तो वास जो आपल्याकडे प्रत्येक आरएक्सवाल्याच्या शर्टाला यायचा, आणि त्याखालून ड्राय क्लचचा खडखडाट, डब्यात सुट्टी नाणी हलवावीत तसा. क्लच दाबला की आवाज वाढतो, सोडला की कमी होतो. हा क्लच ऑइलमध्ये बुडलेला नसतो, प्लेट्स मोकळ्या हवेत वाजतात, रेसच्या गाड्यांना असतो तसाच, आणि यांनी तो २५० सीसीच्या रोडवर चालणाऱ्या गाडीला लावून शोरूममध्ये विकला. त्यांनी बोटाने मागचा स्विंगआर्म दाखवला, एक्झॉस्टचे फुगीर चेंबर आत बसावेत म्हणून तो एका बाजूने वाकवलेला आहे. वेल्डिंगवरून हात फिरवत ते काहीतरी म्हणाले, मित्राने सांगितलं, "म्हणतायत की हे मी दर रविवारी पुसतो तरी दर रविवारी नवीन काहीतरी दिसतं."

तिथे जमलेल्यांत तरुण फार कमी. बहुतेक सगळे पन्नाशी ओलांडलेले, म्हणजे ८० च्या दशकात जे विशी-पंचविशीत होते तेच, त्याच किंवा तशाच गाड्यांवर. १९८२ साली जपानात एका वर्षात ३२ लाखांहून जास्त दुचाकी बाजारात गेल्या होत्या, आता आकडा चार लाखांच्या आसपास घुटमळतो.

संध्याकाळी तोक्योला परतून गाडी जमा केली. किल्ली द्यायला हात पुढे होत नव्हता.

सोमवार, ट्रेन

म्युझियम्स बरीचशी सोमवारी बंद, म्हणून हा दिवस प्रवासाचा. मित्राला ऑफिस होतं, इथून पुढे मी एकटा. शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, हामामात्सू. हिकारी नावाच्या गाडीने दीड तास, उजव्या बाजूची खिडकी घ्यायची म्हणजे फुजी दिसतो.

काल हाकोनेला जे बघितलं त्याचं कारण ट्रेनमध्ये बसून नीट जुळवत होतो. जपानात १९७५ पासून मोटरसायकलचं लायसन्स असं विभागलं गेलं की साधं लायसन्स ४०० सीसीपर्यंत. त्याच्या वर जायचं तर पोलिसांच्या टेस्ट सेंटरला जाऊन थेट परीक्षा, जी पास होणं फार अवघड, लोक पुन्हा पुन्हा नापास व्हायचे. हे १९९६ पर्यंत चाललं. आणि दुसरं, २५० च्या वरच्या गाडीला दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी, तिचा खर्च मोठा, २५० पर्यंतच्या गाडीला ती नाही. म्हणजे कॉलेजातल्या पोराने, फॅक्टरीत नवीन लागलेल्या कामगाराने काय घ्यायचं? २५० किंवा ४००. मग होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी, चौघांनी सगळं डोकं या दोन साइजमध्ये लावलं. पॉवरलाही आपापसात ठरवलेली मर्यादा होती, २५० ला ४५ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), ४०० ला ५९. आता पॉवर सगळ्यांची सारखीच, मग भांडायचं कशावर? वजनावर, फ्रेमवर, ब्रेकवर, आरपीएमवर. अॅल्युमिनियम फ्रेम, मॅग्नेशियमची चाकं, २५० सीसीत चार सिलिंडर. होंडा सीबीआर२५०आरआरची रेडलाइन, म्हणजे इंजिन फिरवायची कमाल मर्यादा, १९,००० होती, एकोणीस हजार! आणि ही रेसची नाही, कॉलेजला जायची गाडी.

मला या सगळ्या काळाबद्दल जे वाटतं ते हेच की तेव्हा छोटी गाडी म्हणजे कमी दर्जाची किंवा स्वस्तात भागवलेली गाडी नव्हती. कंपनीतला सगळ्यात हुशार इंजिनिअर २५० वर बसायचा. आज २५० म्हटलं की कुठे पैसे वाचवता येतील तिथून सुरुवात होते, आपल्याकडे तर जास्तच.

रात्री ग्योझा खाल्ले, हामामात्सूचे प्रसिद्ध आहेत, गोल ताटात मांडून मधोमध उकडलेले मोड ठेवतात. दोन प्लेट.

मंगळवार, इवाता

मिकुरिया स्टेशनला उतरून चालत यामाहाचं कम्युनिकेशन प्लाझा गाठलं. हेड ऑफिसच्या आवारातच आहे, प्रवेश फुकट. वाटेत सगळीकडे यामाहाच्या कामगारांची लगबग, सायकली, आणि कुंपणाच्या आत पार्किंगमध्ये ओळीने लावलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाइक, त्यातच अर्धं म्युझियम आहे.

आत पहिल्यांदा वायए-१. १९५५, १२५ सीसी, यामाहाची पहिली मोटरसायकल. बाकी सगळ्यांच्या गाड्या काळ्या असताना हिला तांबूस तपकिरी रंग दिला, लोकांनी तिला लाल चतुर, म्हणजे तो उडणारा कीटक, म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षी फुजीच्या चढाईची रेस तिने जिंकली. पियानो-ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीची ही बाइक, म्हणून टाकीवर तीन ट्युनिंग फोर्क. लहानपणी आरएक्स१०० च्या टाकीवर तोच बिल्ला नखाने खरवडत बसायचो मी.

आणि मग आरझेड२५०. १९८० ची. हिच्यासमोर मी किती वेळ होतो माहीत नाही. अमेरिकेतल्या धुराच्या नियमांनी टू-स्ट्रोकचं भवितव्य संपल्यात जमा होतं, अशा वेळी यामाहाच्या माणसांनी ठरवलं की जायचंच आहे तर एक शेवटची अशी बनवू की लोक लक्षात ठेवतील. २४७ सीसी, वॉटर-कूल्ड पॅरलल ट्विन, ३५ पीएस, कोरडं वजन, म्हणजे पेट्रोल-ऑइल न भरता, १३९ किलो. झालं उलटंच, लोक इतके तुटून पडले की शेवटची म्हणून काढलेली गाडी नव्या लाटेची पहिली ठरली. तिच्या मागोमाग सुझुकीची गामा, होंडाची एनएसआर, यामाहाचीच टीझेडआर, सगळी रांग हिच्यामुळे लागली.

तिथूनच काकांना व्हिडिओ कॉल लावला. इचलकरंजीला काकांकडे राजदूत ३५० आहे, म्हणजे यामाहाचीच आरडी३५०, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून फरिदाबादला बनवलेली. पोरं तिला अजून बघायला येतात. काका चष्मा लावून फोनला डोळा भिडवून बसलेले.

"जरा खाली घे की रं. ते सिलिंडर दाखव."

"दाखवतोय काका. पुढं बघा, रेडिएटर आहे हिला."

"आमच्या गाडीला कुठला आलाय रेडिएटर, वाऱ्यावरच गार व्हायची ती. आणि पुढं डिस्क दिसतीय?"

"हो. सिंगल डिस्क."

"आम्हाला ड्रमच दिला बघ. कात्रजच्या उतारावर चार बोटं ओढली तरी थांबायची नाही." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "त्या साहेबांना विचार, पिस्टन मिळतोय का."

खरंच विचारलं मी. रिसेप्शनवरच्या बाईंनी फार आदराने ऐकून घेतलं, फोनवरचा फोटो पाहिला, आणि हे फक्त प्रदर्शन आहे म्हणून दोनदा वाकून माफी मागितली.

काकांचं बोलणं डोक्यातून जाईना. मूळ आरडी३५० जपानची १९७३ ची. आपल्याकडे आली दहा वर्षांनी, डिस्कच्या जागी ड्रम लावून, आधी हाय टॉर्क नावाचं मॉडेल साडेतीस हॉर्सपॉवरचं, नंतर लो टॉर्क नावाचं सत्तावीसचं. तरी ती भारतातली सगळ्यात वेगवान गाडी होती, सगळ्यांना मागे टाकायची. ज्या १९८३ मध्ये फरिदाबादहून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्याच वर्षी इवाताहून आरझेडला पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या वेगाप्रमाणे एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारी झडप, लागला होता. एवढं अंतर. आणि तरीही ते दहा वर्षं जुनं इंजिन आपल्याकडे चाळीस वर्षं पुरलंय, अजून पुण्याच्या नाना पेठेत तिचा एखादा पार्ट निघाला तर माणसं कोल्हापूरहून एसटीने येतात.

बुधवार, हामामात्सू आणि तेनर्यू

सकाळी ताकात्सुका स्टेशनजवळ सुझुकी प्लाझा. सुझुकी १९०९ ला सुरू झाली ती हातमागाची यंत्रं बनवायला. इचलकरंजीच्या माणसाला माग बघून बरं वाटणारच, त्या खोलीत मी आधी मागच बघितले. वर बाइक. आरजी२५० गामा, १९८३, रस्त्यावरच्या मोठ्या प्रमाणात बनलेल्या गाडीला अॅल्युमिनियम फ्रेम पहिल्यांदा हिला मिळाली. आणि १९८५ ची जीएसएक्स-आर७५०. तिला वॉटर-कूलिंग दिलं नाही, वजन वाढतं म्हणून ऑइलनेच इंजिन गार केलं, जपानी मॉडेलचं कोरडं वजन १७९ किलो, त्या वेळच्या ७५० पेक्षा कितीतरी कमी. निर्यातीच्या गाडीला १०० पीएस, जपानात मर्यादेमुळे ७७. दोन गोल हेडलाइट शेजारी शेजारी, एंड्युरन्स रेसच्या, म्हणजे तासन्तास चालणाऱ्या शर्यतीच्या, गाडीसारखे. आपल्याकडे याच घराण्यातली सामुराई आणि शोगुन टीव्हीएसमार्फत आली. शोगुनचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला गामाशी नातं सांगावं लागत नाही.

दुपारी एन्शू रेल्वेची लाल ट्रेन पकडून निशी-काजिमा, तिथे तेनर्यू-हामानाको लाइनची एका डब्याची डिझेल गाडी, तेनर्यू नदीवरचा पूल ओलांडला की फुतामाता-होन्माची. हा होंडांचा मुलूख. १९०६ ला याच भागातल्या कोम्यो गावात जन्म, वडील लोहार. १९३६ च्या जुन्या टाउन हॉलमध्ये त्यांच्या आठवणींचं छोटंसं म्युझियम आहे. युद्धानंतर सैन्याच्या वायरलेस जनरेटरची छोटी इंजिनं पडून होती ती घेऊन त्यांनी सायकलींना बसवली, आणि पहिली चालवून बघायला बायकोला, साची यांना, दिली. तिथले आजोबा-आजी स्वयंसेवक वाटले, मी भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांनी मला हाताला धरून एकेका फोटोपाशी नेलं. भाषा समजत नव्हती, इंजिन समजत होतं.

होंडा, सुझुकी, यामाहा तिघेही या एका पट्ट्यातले. नकाशावर वीतभर जागा.

गुरुवार, सुझुका

नागोयाहून किंतेत्सू लाइनने शिरोको, पुढे बस. इथल्या सर्किटवर रेस नव्हती, पण अॅम्युझमेंट पार्क चालू होतं आणि त्यातल्या पाळण्यात बसलं की वरून ट्रॅक दिसतो. १९६२ चं सर्किट, ५.८ किमी, इंग्रजी आठच्या आकाराचं, ट्रॅक स्वतःलाच पुलावरून ओलांडतो. एट अवर्सची शर्यत इथे १९७८ पासून होते, ऐन उन्हाळ्यात, आठ तास.

मला बघायचा होता तो समोरचा सरळ पट्टा. १९८५. अमेरिकन जगज्जेता केनी रॉबर्ट्स निवृत्तीनंतर यामाहासाठी परत आला, जोडीला तादाहिको ताइरा, गाडी एफझेडआर७५०, स्पॉन्सर टेक२१ चा फिकट जांभळट रंग, नंबर २१. सुरुवातीला गाडीच सुरू होईना, सगळे पुढे निघून गेले, मग रॉबर्ट्सने एकेकाला मागे टाकत वर आणली आणि दोघांनी आघाडी घेतली. शेवटचा अर्धा तास उरला असताना ताइरा या पट्ट्यावर पिटच्या भिंतीला धरून हळूहळू आला आणि इंजिन बंद. रेस होंडाच्या वेन गार्डनर आणि मासाकी तोकुनोने जिंकली, पण जपानातल्या त्या पिढीला विचाराल तर ते ताइराचंच सांगतील. हाकोनेच्या एनएसआरवाल्या काकांनीही, स्वतः होंडावाले असून, तेच सांगितलं होतं, ते त्या दिवशी स्टँडमध्ये होते. ताइराने ती रेस शेवटी १९९० ला एडी लॉसनबरोबर जिंकली. पाळण्यातून तो पट्टा मी तीन फेऱ्या बघितला, शेजारच्या केबिनमध्ये शाळेची सहल होती.

शुक्रवार, कोबे

मेरिकेन पार्कच्या मेरिटाइम म्युझियममध्ये कावासाकी वर्ल्ड. जहाजं, हेलिकॉप्टर, जुनी शिंकान्सेन, आणि एका भागात बाइक. झेड१, १९७२. कावासाकी ७५० बनवतच होते, तेवढ्यात होंडाची सीबी७५० आली, मग थांबून ९०३ सीसीची केली. मागच्या बाजूचा तो बदकाच्या शेपटासारखा सीट काउल अजून कुठल्याही नव्या गाडीपेक्षा देखणा आहे. २०१९ ला कावासाकीने झेड१ चे सिलिंडर हेड पुन्हा नव्याने बनवून विकायला काढले, जवळजवळ पन्नास वर्षांनी. हे प्रत्येक कंपनीने करायला पाहिजे, आणि नुसतं मोठ्या गाड्यांसाठी नाही, आरझेड आणि एनएसआरसाठीही. २०२० मध्ये याच कावासाकीने झेडएक्स-२५आर काढून २५० ला पुन्हा चार सिलिंडर दिले तेव्हा मला कोण आनंद झाला होता, म्हणजे ती विद्या अजून कुणाच्या तरी हातात आहे.

साताऱ्याच्या मामांकडे बजाजची कावासाकी केबी१०० होती, आकुर्डीची. तिचा फोटो त्यांना झेड१ च्या फोटोबरोबर पाठवला. उत्तर आलं, "टाकीचा आकार बघ, घराणं एकच."

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सुझुकी प्लाझाला आधी बुकिंग लागतं. यामाहाचं प्लाझा रविवारी बंद असतं, बाकी सुट्ट्याही वेगळ्या असतात, कॅलेंडर बघूनच तिकीट काढा. भाड्याची गाडी घेणार असाल तर परमिटवर मोटरसायकलचा शिक्का आहे ना ते आरटीओच्या खिडकीवरच तपासा. दाइकानझानला रविवारीच जा, सकाळी आठच्या आत, आणि कुणाची गाडी सुरू होताना दिसली की शेजारी जाऊन उभे राहा, ते लोक हसून जागा देतात.